फोल्डर उघडत नाही? थांबा, आधी ७७७ मारू नका

(पॉडकास्टच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलंय. कमांड जशा उच्चारल्या तशाच देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करा.)

००:०० | गोष्ट काय झाली

आजचा विषय असा आहे की ज्याच्यामुळे मला वर्षातून दहा-बारा तरी फोन येतात. घरात किंवा ऑफिसात एका लिनक्स मशीनवर फोल्डर शेअर केलेलं असतं. बाकीच्या लॅपटॉपवरून, मोबाईलवरून ते उघडायचं असतं. काल उघडत होतं, आज उघडत नाही. मग आपण काय करतो? नेटवर शोधतो, कुठंतरी एक कमांड सापडते, ती मारतो आणि फोल्डर उघडतं. झालं, विषय संपला.

मीही हेच केलं होतं. त्याचा हिशोब दोन वर्षांनी नरडाण्यात चुकवावा लागला. तर आज तीच गोष्ट सांगतो आणि तिच्यातूनच फोल्डरचा प्रॉब्लेम कसा शोधायचा ते बघू.

नरडाणा माहीत नसेल त्यांच्यासाठी: धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूरकडे निघालात की वाटेत लागतं. तालुका शिंदखेडा. सुरत-भुसावळ लाईनवर स्टेशन आहे आणि एमआयडीसी आहे. तिथं माझ्या मामांचा वजनकाटा आहे. ट्रक येतो, रिकामा वजन होतो, भरून वजन होतो, पावती निघते. कारखान्यांचं खातं असतं, महिन्याच्या शेवटी बिल जातं.

ऑफिसात चार वस्तू. काट्यावरचं जुनं विंडोज मशीन. आतल्या खोलीत एक जुना डेस्कटॉप, त्याच्यावर मी लिनक्स मिंट टाकून दिलेलं. बिलांचं काम बघणाऱ्या ताईंचा लॅपटॉप. आणि मामांचा मोबाईल. सगळ्या पावत्या आणि बिलं त्या लिनक्स डेस्कटॉपवरच्या ‘काटा’ नावाच्या फोल्डरात जातात.

मार्च महिना, तारीख १०. मी होळीसाठी पुण्याहून आलेलो. काट्यावर गेलो तर मामा तापलेले. ताईंनी नवीन लॅपटॉप घेतला होता, त्याच्यावर ‘काटा’ उघडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ११ तारीख, म्हणजे मासिक जीएसटीआर-१ भरायची शेवटची तारीख. ती चुकली की कारखान्यांना त्यांचं क्रेडिट वेळेवर दिसत नाही आणि त्यांचे फोन सुरू होतात.

पण मामा तापले होते ते वेगळ्याच कारणानं. काट्यावरच्या जुन्या मशीनवर फोल्डर उघडत होतं, पण त्यातलं ‘फेब्रुवारी’ गायब होतं. अख्खा महिना. आणि काट्यावर बसणारा विशीतला मुलगा खाली मान घालून उभा होता. दिवसभर त्या मशीनवर तोच असतो, म्हणजे त्यानंच उडवलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

मामा मला म्हणाले, “काय जयं ते तूच दख आते.”

०३:१० | मध्ये कोण बसलंय? सांबा

आधी एक मिनिट थिअरी. विंडोजची मशीनं आपसात फाईल देतात-घेतात ती एसएमबी नावाच्या भाषेत. लिनक्सला ही भाषा बोलता येते ती सांबा नावाच्या सॉफ्टवेअरमुळे.

सांबाची सुरुवात केली अँड्र्यू ट्रिजेल यांनी, ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात पीएचडी करत असताना. साल १९९१-९२. त्यांनी आधी ठेवलेलं नाव दुसऱ्या कंपनीचं निघालं. मग त्यांनी कॉम्प्युटरमधल्या शब्दांच्या यादीत एस, एम आणि बी ही अक्षरं ओळीनं येणारा शब्द शोधला, त्यात सांबा सापडला. आज घरातल्या छोट्या स्टोरेज डब्यांपासून मोठ्या ऑफिसांपर्यंत हेच सॉफ्टवेअर चालतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. फोल्डर उघडताना तुम्ही एका दारातून जात नाही, चार ठिकाणांहून जाता. एमआयडीसीत ट्रक येतो तसं समजा. पहिलं, रस्ता चालू आहे का? दुसरं, फाटक उघडं आहे का? तिसरं, गेटपास चालतो का? चौथं, गोदामाचं कुलूप उघडतं का?

फोल्डर उघडत नाही म्हणजे या चारपैकी एका ठिकाणी ट्रक अडलाय. लोक काय करतात, चारही ठिकाणचे दरवाजे एकदम तोडतात. फायरवॉल बंद, पासवर्ड बंद, परवानगी सगळ्यांना. त्याऐवजी ट्रक नेमका कुठं अडलाय ते शोधायचं. क्रमानं गेलात तर पंधरा मिनिटांचं काम आहे.

०५:३० | पहिला प्रश्न: रस्ता

लिनक्स मशीनवर टर्मिनल उघडा आणि ‘आयपी ए’ अशी कमांड द्या. १९२.१६८ नं सुरू होणारा नंबर दिसेल. दुसऱ्या मशीनवरून ‘पिंग’ आणि तो नंबर. उत्तर आलं तर रस्ता चालू. नाही आलं तर बहुतेक वेळा यापैकी एक कारण असतं.

एक, नंबर बदललाय. आपल्याकडे लाईट जाते-येते. राउटर बंद होऊन चालू होतो आणि मशीनांना नंबर नव्यानं वाटतो. काल १९२.१६८.१.२० होता, आज २३ झाला. लॅपटॉपवरचा शॉर्टकट मात्र अजून २० च्याच दारात उभा. उपाय सोपा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या मशीनसाठी नंबर राखून ठेवायचा. एकदाच करायचं काम आहे.

दोन, तुम्ही वेगळ्याच वायफायवर आहात. बऱ्याच राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय असतं. त्याच्यावर इंटरनेट मिळतं पण घरातली बाकी मशीनं मिळत नाहीत. ते मुद्दाम तसं असतं.

तीन, मोबाईलवर व्हीपीएन चालू आहे. मोबाईलवरून फोल्डर उघडणाऱ्यांनी हे आधी बघा. घरातल्या मशीनकडे जायच्या ऐवजी सगळा ट्रॅफिक बाहेर जातो. बाकी मोबाईलवर हे काम अवघड नाही. आयफोनच्या फाईल्स ॲपमध्ये २०१९ च्या आयओएस १३ पासून सर्व्हरला जोडायची सोय आहे आणि अँड्रॉइडच्या अनेक फाईल मॅनेजरमध्येही ती असते.

आणि एक गैरसमज. विंडोजच्या ‘नेटवर्क’ यादीत लिनक्स मशीन दिसत नाही म्हणजे ते बंद आहे, असं नाही. यादीत दिसणं आणि पोहोचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या पद्धतीची यादी एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर चालायची आणि ती आवृत्ती आता बंद असते. नव्या विंडोजच्या यादीत दिसायचं असेल तर लिनक्सवर ‘डब्ल्यूएसडीडी’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. पण त्याच्याशिवायही अडत नाही. विंडोजच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा, मग आयपी नंबर, मग एक उलटी तिरकी रेघ आणि शेअरचं नाव टाका. थेट दारात जाता.

आमच्याकडे पिंगला उत्तर आलं. रस्ता ठीक होता.

०८:०० | दुसरा प्रश्न: फाटक

मशीन जागं आहे, पण सांबा जागं आहे का? ‘सिस्टम सीटीएल स्टेटस एसएमबीडी’. मिंट, उबुंटू, डेबियनवर नाव एसएमबीडी, फेडोरावर नुसतं एसएमबी. हिरव्या अक्षरांत ‘ॲक्टिव्ह’ दिसलं पाहिजे.

बंद असेल तर बहुतेक वेळा सेटिंगच्या फाईलमध्ये काहीतरी चुकलेलं असतं. ती फाईल म्हणजे ईटीसीमधल्या सांबा फोल्डरातली ‘एसएमबी डॉट कॉन्फ’. ती डोळ्यांनी तपासत बसू नका. ‘टेस्टपार्म’ ही कमांड द्या. स्पेलिंग चुकलेलं सेटिंग ती दाखवते आणि कोणकोणते शेअर आहेत तेही छापते.

मग फायरवॉल. एसएमबी आज चालतं ते मुख्यतः टीसीपीच्या ४४५ नंबरच्या पोर्टवर. उबुंटू-मिंटवर ‘यूएफडब्ल्यू स्टेटस’ बघा. चालू असेल आणि यादीत सांबा नसेल तर ‘यूएफडब्ल्यू अलाऊ सांबा’. फेडोरावर फायरवॉल-डीमध्ये सांबा ही सर्व्हिस जोडायची. फायरवॉल पूर्ण बंद करायची गरज कधीच नसते. तपासायला दोन मिनिटं बंद केली तर परत चालू करायला विसरू नका. आणि राउटरवर पोर्ट उघडून ४४५ इंटरनेटवर तर अजिबात ठेवायचा नाही. बाहेरून फाईल हव्या असतील तर घरचा व्हीपीएन लावा.

फाटक खरंच उघडं आहे का हे लिनक्सवरूनच कळतं. ‘एसएमबीक्लायंट डॅश मोठा एल लोकलहोस्ट डॅश मोठा यू’ आणि तुमचं नाव. शेअरची यादी आली म्हणजे सांबा ठीक आहे. मग भांडण लॅपटॉपच्या बाजूला किंवा मधल्या फायरवॉलमध्ये शोधायचं.

आमच्याकडे फाटकही उघडं होतं. असणारच, काट्यावरच्या मशीनला तर फोल्डर मिळत होतं.

१०:१५ | तिसरा प्रश्न: गेटपास

आणि इथं ताईंचा लॅपटॉप अडला होता. नवीन विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्ती. स्क्रीनवर आलेल्या एररचा अर्थ असा, की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे ओळख न देणाऱ्या पाहुण्याला या फोल्डरात जाता येणार नाही.

मामांनी वाचून घेतलं आणि विचारलं, “आपल्या ऑफिसात सुरक्षा धोरण कोणी ठरवलं?”

कोणीच नाही, हाच घोटाळा होता. दोन वर्षांपूर्वी मी सेटअप केला तेव्हा पासवर्डवरून रोज फोन येऊ लागले. शेवटी कंटाळून मी शेअरवर ‘गेस्ट ओके’ लावलं. म्हणजे नाव-पासवर्ड काही नको, येईल त्याला पाहुणा म्हणून आत सोडा. फोन बंद झाले. मला वाटलं काम झालं.

जुन्या विंडोजला असं पाहुणा म्हणून जाणं चालायचं. २०२४ च्या शेवटी आलेल्या २४एच२ नं प्रो आवृत्तीतही ते मुळातूनच बंद केलं. शिवाय आता प्रत्येक संदेशावर सही लागते आणि पाहुण्याच्या जोडणीवर सही करता येत नाही, कारण सही करायला लागणारी किल्ली पासवर्डातूनच तयार होते. पासवर्डच नाही तर किल्ली कुठून येणार?

याच्यावर नेटवर ‘उपाय’ सापडतो, की विंडोजचं एक धोरण बदलून पाहुण्याला परत परवानगी द्या. दोन क्लिकचं काम. दुसरा उपाय सांगतात तो एसएमबीची पहिली आवृत्ती परत चालू करायचा. हे दुसरं तर अजिबात करू नका. कारण सांगतो.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. त्यानं वापरलेलं भोक एसएमबीच्या याच पहिल्या आवृत्तीतलं होतं. मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती, पण असंख्य मशीनांवर ती टाकलेलीच नव्हती. मग २७ जूनला नॉटपेट्या आला. तेच भोक, शिवाय मशीनवरून चोरलेले पासवर्ड वापरून पुढं सरकणं. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या गटाकडचं आपल्या न्हावा-शेवा बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनरचं काम अडलं, बाहेर गाड्यांची गर्दी झाली. युरोपातून पसरलेला व्हायरस आणि रांग आपल्या रायगड जिल्ह्यात. त्यानंतर विंडोज १० च्या २०१७ च्या शेवटच्या अपडेटपासून आणि सांबाच्या २०१९ मधल्या ४.११ पासून ती आवृत्ती मुळातच बंद मिळते. तुमच्या सोयीच्या आड यायला बंद केलेली नाही.

मग खरा उपाय काय? प्रत्येकाला त्याचा गेटपास. इथं नवीन माणूस हमखास फसतो तो असा: लिनक्सचा पासवर्ड आणि सांबाचा पासवर्ड वेगळे असतात. सांबा आपली यादी वेगळी ठेवतं, कारण विंडोजला लागणारं पासवर्डचं रूप लिनक्स साठवतं त्यापेक्षा वेगळं आहे. म्हणून आधी लिनक्सवर युजर बनवायचा, मग ‘एसएमबी-पास-डब्ल्यूडी डॅश ए’ आणि युजरचं नाव देऊन सांबाचा पासवर्ड ठेवायचा. यादीत कोण कोण आहे ते ‘पीडीबी-एडिट डॅश मोठा एल’ नं दिसतं. “पासवर्ड बरोबर शे, तरी घेत नही,” अशी तक्रार आली की आधी ही यादी बघा. बहुतेक वेळा तो माणूस यादीतच नसतो.

अजून एक छोटी गोष्ट. विंडोज एकाच सर्व्हरवर एका वेळी दोन वेगळ्या नावांनी जाऊ देत नाही. आधी चुकीचं नाव टाकलं असेल तर ते धरून बसतं. मग ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून जुनं नाव काढा, साइन आऊट करून परत या.

१४:४० | चौथा प्रश्न: कुलूप

समजा गेटपास चालला, फोल्डर दिसलं, पण उघडताना किंवा फाईल ठेवताना ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं. म्हणजे सांबानं आत सोडलं, पण लिनक्सचं स्वतःचं कुलूप लागलेलं आहे. दोघांनी हो म्हटलं तरच काम होतं. सांबाच्या फाईलमध्ये ‘लिहायला परवानगी’ असं कितीही लिहा, लिनक्स नाही म्हणालं तर नाही.

हे कुलूप बघायची कमांड ‘एलएस डॅश एल’. प्रत्येक फाईलपुढं तीन गट दिसतात: मालक, ग्रुप आणि बाकी सगळे. प्रत्येकाला तीन हक्क: वाचणं ४, लिहिणं २, चालवणं किंवा फोल्डर असेल तर आत शिरणं १. बेरीज ७. म्हणजे ‘सीएच-मॉड ७७७’ चा अर्थ मालकाला सगळं, ग्रुपला सगळं आणि जगातल्या प्रत्येकाला सगळं. ती एक कमांड बरीचशी कुलपं उघडते, म्हणून नेटवर प्रत्येक प्रश्नाखाली ती लिहिलेली असते. मी दोन वर्षांपूर्वी तीच मारली होती.

कुलूप अडकायची नेहमीची कारणं सांगतो.

फोल्डर तुमच्या होममध्ये आहे. शेवटच्या फोल्डरला परवानगी दिली तरी वाटेतल्या प्रत्येक फोल्डरात शिरायचा हक्क लागतो. उबुंटू २१.०४ पासून नवीन होम फोल्डर बाकीच्यांना बंदच असतं. म्हणून शेअरचं फोल्डर होममध्ये ठेवू नका, एसआरव्हीमध्ये ठेवा.

फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहे. ती एनटीएफएस किंवा एक्सफॅटची असेल तर सीएच-मॉडचा सहसा काही उपयोग होत नाही. तिथं मालक कोण ते डिस्क जोडताना, माउंटच्या पर्यायांत ठरतं.

युजरला ग्रुपमध्ये घातलं पण लागू झालं नाही. लॉग आऊट करून परत या. आणि ग्रुपमध्ये घालताना ‘युजर-मॉड डॅश ए मोठा जी’ असंच द्या. तो छोटा ए राहिला तर माणूस नव्या ग्रुपमध्ये जातो आणि बाकीच्या सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडतो. सुडोच्यासुद्धा.

फेडोरा असेल तर सगळं बरोबर असूनही एसई-लिनक्स अडवतं. फोल्डरला ‘सांबा शेअर’चं लेबल लावावं लागतं. एसई-लिनक्स बंद करू नका, लेबल लावा.

१७:२० | मालक: कुणीच नाही

आता परत काट्यावर. मी त्या डेस्कटॉपवर ‘एलएस डॅश एल’ दिली. दोन वर्षांच्या हजारो फाईल. प्रत्येकीच्या मालकाच्या रकान्यात एकच शब्द: नोबडी. सांबात पाहुणा म्हणून आलेला माणूस लिनक्सला याच नावानं दिसतो. ताईंनी ठेवलेली फाईल, नोबडी. काट्यावरून आलेली पावती, नोबडी. मामांनी मोबाईलवरून टाकलेला फोटो, नोबडी.

‘फेब्रुवारी’ कोणी उडवलं? मशीनचं उत्तर होतं, कुणीच नाही. आणि जिथं मशीन कुणाचंच नाव घेत नाही तिथं माणसं सगळ्यात लहान माणसाचं नाव घेतात. काट्यावरच्या मुलानं उडवलं हे सिद्ध करायला कोणाकडे काही नव्हतं, आणि त्यानं उडवलं नाही हे सांगायला त्याच्याकडेही काही नव्हतं. ती सोय मीच काढून घेतली होती.

मी ‘फाइंड’ कमांड चालवली, नावात ‘फेब्रुवारी’ असलेलं काहीही शोध म्हणून. अर्ध्या मिनिटात सापडलं. ‘जुनी कोटेशन’ नावाच्या, कोणी ढुंकूनही न बघणाऱ्या फोल्डराच्या आत अख्खं ‘फेब्रुवारी’ बसलेलं. कोणीतरी माउसनं ओढताना बोट सुटलं आणि शेजारच्या फोल्डरात पडलं. डिलीट झालंच नव्हतं.

मग ‘स्टॅट’ ही कमांड ‘जुनी कोटेशन’वर दिली. फोल्डरात काही आलं किंवा त्यातून काही गेलं की त्या फोल्डराची ‘मॉडिफाय’ वेळ बदलते. आणि इथं दुसरं काही कोणी ठेवतच नव्हतं. वेळ दाखवली ८ मार्च, दुपारी पावणेबारा. त्या दिवशी काट्यावरचा मुलगा बहिणीच्या घरच्या लग्नाला दोंडाईचाला गेला होता. त्याची सुट्टी मामांनीच दिली होती.

खोलीत कोणी काही बोललं नाही. मामांनी त्याला बोलावून आपल्या शेजारी बसवलं आणि चहा सांगितला. फोल्डर कोणी ओढलं ते आजही माहीत नाही, कळायची सोयच नव्हती. मी मात्र त्या मुलाला सांगितलं, की चूक माझ्या सेटिंगची होती.

२०:०० | मग काय बदललं

त्याच संध्याकाळी तासाभरात हे केलं. तुम्हीही करू शकता.

‘ऑफिस’ नावाचा एक ग्रुप बनवला. तिघांचे तीन युजर, तिघांना तीन सांबा पासवर्ड. फोल्डर एसआरव्हीमध्ये हलवलं, त्याचा ग्रुप ‘ऑफिस’ केला. आतल्या सगळ्या फोल्डरांना ७७७ ऐवजी २७७०, फाईलींना ६६०. पुढच्या २ चा अर्थ, आत बनणारी प्रत्येक नवीन फाईल याच ग्रुपची होईल. शेवटच्या ० चा अर्थ, बाकी कोणालाही काही नाही.

एसएमबी डॉट कॉन्फमध्ये ‘गेस्ट ओके’ला नो. ‘व्हॅलिड युजर्स’मध्ये ॲट लावून ऑफिस ग्रुप. ‘क्रिएट मास्क’ ०६६० आणि ‘डिरेक्टरी मास्क’ २७७०. शिवाय ‘व्हीएफएस ऑब्जेक्ट्स’मध्ये ‘रिसायकल’. यामुळे नेटवर्कवरून डिलीट केलेली फाईल लगेच नाहीशी न होता एका लपलेल्या फोल्डरात जाते. हे नसेल तर विंडोजवरून शेअरमधली फाईल उडवली की विंडोजच्या कचराकुंडीतही सापडत नाही. मग टेस्टपार्म, मग सांबा रिस्टार्ट.

ताईंच्या लॅपटॉपवर नाव-पासवर्ड टाकला, पहिल्या झटक्यात उघडलं. ११ तारखेला जीएसटीआर-१ वेळेत गेलं. आता फाईलच्या मालकाच्या रकान्यात नावं दिसतात. आणि एक यूएसबी डिस्क लावून रोज रात्री कॉपी घ्यायचं ठेवलं, कारण शेअर म्हणजे बॅकअप नव्हे.

२१:४५ | एरर वाचायची कशी

स्क्रीनशॉट काढून ठेवा.

• ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’, कोडच्या शेवटी ८००७००३५: रस्ता किंवा फाटक. पिंग, सर्व्हिस, ४४५.

• ‘बॅड नेटवर्क नेम’: सर्व्हरपर्यंत पोहोचलात, शेअरचं नाव चुकलं. टेस्टपार्मनं नाव बघा.

• ‘लॉगऑन फेल्युअर’: गेटपास. सांबाच्या यादीत युजर आहे का, पासवर्ड ठेवलाय का?

• ‘ॲक्सेस डिनाइड’: गेटपास चालला. ‘व्हॅलिड युजर्स’ आणि लिनक्सचं कुलूप बघा.

• विंडोजवर एरर १२१९: एकाच सर्व्हरवर दोन नावं. जुनं नाव काढा.

• लिनक्स लॅपटॉपवरून माउंट करताना एरर १३: नाव-पासवर्ड किंवा परवानगी. एरर २: शेअरचं नाव. एरर ११५: रस्ता किंवा फायरवॉल. एरर ११२, ‘होस्ट इज डाउन’: मशीन जिवंत असूनही ही येते, बहुतेक वेळा एसएमबीची आवृत्ती जुळत नाही म्हणून. समोरचा डबा जुना असेल तर आधी त्याचं अपडेट शोधा.

• माउंट करताना ‘हेल्पर प्रोग्रॅम हवा’ असं आलं: ‘सीआयएफएस युटिल्स’ पॅकेज टाकायचं राहिलंय.

२३:१० | जाता जाता

पुढच्या वेळी कोणाचा फोन आला, की फोल्डर उघडत नाही, तर पहिला प्रश्न विचारा: एररमध्ये नेमकं काय लिहिलंय? मग रस्ता, फाटक, गेटपास, कुलूप, याच क्रमानं जा. आणि हात ७७७ कडे गेलाच तर त्या फोल्डरात काम करणारी माणसं आठवा. परवानगी म्हणजे नुसती अडचण नाही. उद्या काही हरवलं तर मशीननं कोणाचं नाव घ्यायचं, आणि कोणाचं नाही, ते तिथंच ठरतं.

आजच एक करा. तुमच्या शेअरवर ‘एलएस डॅश एल’ द्या आणि मालकाचा रकाना वाचा. तिथं ओळीनं नोबडी दिसलं, तर या रविवारचं काम ठरलं. काही अडलं तर पुढच्या भागासाठी प्रश्न पाठवा, एररसकट पाठवा. भेटूच.